माळ्यावरची भांडी परत ओट्यावर : एका घराचं प्रकरण

आधी परिस्थिती सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. पुण्यात कसबा पेठेत आमचा वाडा, चार पिढ्या त्यात राहिल्या, आता तो रिडेव्हलपमेंटला गेलाय. तिथे मोठी काकू (वय ७८), तिचा मुलगा म्हणजे माझा चुलतभाऊ दादा, आणि वहिनी असे तिघं राहत होते, आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत त्यांना कोथरूडला भाड्याच्या टू बीएचकेत जायचं होतं. आत्या नाशिकला, चुलतबहीण न्यू जर्सीत, मी सिंहगड रोडला. वाडा रिकामा करायची तारीख ठरली आणि माळ्यावरून, कोठीतून, न्हाणीघरातून भांडी निघायला लागली ती निघतच राहिली. एकात एक बसवलेली पितळी पातेली, दोन मोठी तपेली, परात, कडीचे डबे, तांब्याचा बंब, घंगाळ, हंडा, कळशी, काशाच्या थाळ्या आणि वाट्या, फिरकीचा तांब्या, चरवी, ओगराळं, पुरणयंत्र, पितळी सोऱ्या, बिडाचं आप्पेपात्र, लोखंडी कढई, तीन तवे, विळी, अडकित्ता, खलबत्ता, चिपटं-मापटं, समया, लामणदिवा, पाटा-वरवंटा आणि जातं. आणि हे सगळं नेणार कुठे, तर ज्या किचनमध्ये मिक्सर ठेवला की पोळपाट ठेवायला जागा उरत नाही तिथे.

यावर घरात मतं अर्थातच वेगळी. दादा म्हणाला, चार-पाच वस्तू आठवण म्हणून ठेवू, बाकी मोडीत देऊ, मोडवाला घरी येऊन वजन करून पैसे देतो. न्यू जर्सीवाली म्हणाली, मोडीत अजिबात नको, मला पाठवा, मी लिव्हिंग रूममध्ये मांडते, त्यात झाडं लावते. आत्याचं म्हणणं रीतसर वाटणी करा. काकू दोन दिवस काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "मांडायला नकोत आणि विकायलाही नकोत, ज्यात रोज काहीतरी शिजेल तेवढीच घरात येऊ देत, बाकीची ज्याच्याकडे शिजणार असतील त्याने न्यावीत." हा जो निकष तिने लावला ना, तोच या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे, पुढे जे झालं ते त्याच्यामुळेच झालं. कारण जपून ठेवलेलं भांडं मी बऱ्याच घरांत बघितलंय, ते दिवाळीला एकदा चिंच लावून घासतात, फोटो काढतात, परत वर, आणि दहा वर्षांनी त्या घरात कल्हई कशाला म्हणतात हे सांगणारं माणूसच उरत नाही, मग ते भांडं मोडीत जायला कुणाचीच ना नसते.

भांडी लावायला बसलो तेव्हा पहिलं काम म्हणजे नावं वाचणं. जुन्या भांड्यांवर टोचून नावं घालायची पद्धत, मशीनच्या आधीची, छिन्नीने एकेक ठिपका मारत काढलेली अक्षरं, त्यात कुणाच्या लग्नात कुणी दिलं, कधी दिलं सगळं असतं. आमच्या घंगाळावर पणजीचं नाव आणि शके १८३९, म्हणजे त्यात ७८ मिळवले की १९१७ साल. एका पातेल्यावर दुसऱ्याच घराचं नाव निघालं, आमच्या नात्यातलं नाही, कुणालाच कळेना. काकूने सांगितलं ते पानशेतचं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी घुसलं, आणि आजी सांगायची की पाणी ओसरल्यावर चिखलातून जी भांडी निघाली ती लोकांनी नावं वाचून वाचून एकमेकांना परत केली, पण या पातेल्याचं घरच शेवटपर्यंत सापडलं नाही म्हणून ते आमच्याकडे राहिलं. आजीने त्यात कधी स्वतःचं नाव घातलं नाही. ते पातेलं आता वहिनीकडे आहे, आणि काकूचं स्पष्ट म्हणणं की याच्यावर आपलं नाव घालायचं नाही, वापरा मात्र रोज.

मग खरा प्रश्न आला, वापरायचं म्हणजे कसं. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण "पितळेत शिजवलेलं आरोग्याला चांगलं" एवढं एक वाक्य आजकाल सगळीकडे फिरत असतं आणि लोक ऑनलाइन पातेली मागवून त्यात सरळ टोमॅटोचं सार करतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यात आंबट पदार्थ ठेवला की तांबं पदार्थात उतरतं, चव बिघडते, पदार्थ कळकतो, मळमळ होते, उलट्या होतात. आपल्या आज्या-पणज्यांना हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर आतून कल्हई असायची. कल्हई म्हणजे कथलाचा (टिनचा) पातळ थर, दुसरं काही नाही. तो थर आहे तोवर आमटी पितळेला शिवत नाही, कथलाला शिवते. तो गेला की तेच पातेलं आमटीसाठी अपात्र, कितीही चकचकीत घासलेलं असू दे.

आमच्या पातेल्यांची कल्हई कधीच गेली होती, आतून पिवळी धमक. कल्हईवाला शोधायला लागलो तर पूर्वी जो आळीत भाता घेऊन यायचा, खड्डा करून बसायचा, तो कुठला आता. पण कसब्यातच तांबट आळी आहे, पेशव्यांच्या काळापासून तिथे तांब्याचं काम चालतं, मठाराच्या, म्हणजे ठोके मारून घडवलेल्या, भांड्यांची ठकठक अजून ऐकू येते, तिथे विचारत विचारत एक काका मिळाले. त्यांनी भांडी हातात घेऊन आधी बोट फिरवलं, दोन पातेली लगेच बाजूला काढली. एकाच्या तळाला कधीकाळी भोक पडून सोल्डरने बुजवलेलं होतं. ते म्हणाले यात जेवण नको, कारण सोल्डरमध्ये शिसं असतं. दुसऱ्याचा पत्रा तळाशी इतका पातळ झालेला की तापवून दाबला तर फाटेल. बाकीच्यांना त्यांनी हो म्हटलं.

कल्हई होताना काकूला मुद्दाम खुर्ची टाकून तिथे बसवलं होतं, आणि वहिनीने सगळं मोबाइलवर शूट केलं. भांडं आधी आतून खरवडून, घासून स्वच्छ, मग भट्टीवर तापवायचं, चांगलं तापलं की नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठतो, नाकाला झोंबतो, त्या नवसागराने धातूवरचा गंज निघून पृष्ठभाग उघडा होतो, लगेच कथलाची कांडी टेकवायची, ती २३२ अंश सेल्सिअसला वितळते, आणि कापडाच्या नाहीतर कापसाच्या बोळ्याने ते वितळलेलं कथील गोल गोल फिरवत पसरवायचं. अर्ध्या मिनिटात पिवळं भांडं आतून चांदीसारखं. मग पाण्यात बुडवायचं, चर्रर्र. जे काम मिनिटाभरात होतं त्यात हाताची सवय इतकी आहे की नवख्याने केलं तर कुठे जाड कुठे उघडं राहील.

काकूने तिथे एक प्रश्न विचारला ज्याचं मला फार कौतुक वाटलं. तिने कांडी हातात मागितली आणि वाकवून कानाशी धरली. शुद्ध कथलाची कांडी वाकवली की बारीक करकर आवाज येतो, आणि शिसं जास्त मिसळलेलं असेल तर तो येत नाही. ते काका हसले, म्हणाले, "आजी, आता हे कुणी बघत नाही." स्वस्तातल्या कल्हईत कथलात शिसं मिसळतात, कारण कथील महाग आणि शिसं स्वस्त, शिवाय मिश्रण आणखी कमी तापमानाला वितळतं, काम सोपं होतं. शिसं शरीरात साठत जातं, लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सगळ्यात जास्त. त्यामुळे कल्हई करायला देताना दोन पैसे जास्त गेले तरी चालतील पण कथील कुठलं ते विचारायचंच. आवाज ही काही प्रयोगशाळेतली टेस्ट नाही, थोडं शिसं असेल तर तेवढ्याने कळणार नाही, पण विचारणारं गिऱ्हाईक समोर बसलंय हे कारागिराला कळतं आणि त्याचा उपयोग होतो. शंका असेल तर लॅबमध्ये तपासून घेता येतं.

आता दुधाचं. हा या प्रकरणातला सगळ्यात नाजूक भाग. दादा-वहिनीची मुलगी बाळाला घेऊन बरेच दिवस माहेरी असते, बाळ तेव्हा वर्षाचंही नव्हतं, आणि काकूच्या मनात होतं की दूध पितळी पातेल्यातच तापवायचं, चरवीत ठेवायचं, आमच्या वेळी तसंच होतं. मी हट्टाने नाही म्हटलं, आणि त्याचं कारण पुण्यातलंच आहे. आपल्याकडे पूर्वी लहान मुलांना यकृताचा एक आजार व्हायचा, इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस, बाळ एक-दोन वर्षांचं व्हायच्या आतबाहेर पोट फुगायचं, कावीळ व्हायची, आणि बहुतेक मुलं वाचायची नाहीत. १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडमधले डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी यावर काम केलं. या मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड साठलेलं असायचं, आणि घरी चौकशी केल्यावर दिसलं की या बाळांना अंगावरच्या दुधाऐवजी वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं असायचं. दूध आंबट नसतं म्हणून आपल्याला वाटतं काही होत नाही, पण दुधातलं केसिन नावाचं प्रथिन तांबं धरून ठेवतं. घरोघरी स्टील आलं, दुधाची भांडी बदलली, तसा हा आजार जवळपास दिसेनासा झाला. आज तरुण डॉक्टरांपैकी कित्येकांनी एकही केस बघितलेली नसेल.

काकूला हे सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली की तिच्या माहेरी एक भाऊ असाच गेला होता, पोट मोठं होऊन, लोक म्हणायचे यकृत झालं. तो कशाने गेला हे आता कुणीच सांगू शकत नाही, आणि मीही सांगणार नाही. पण त्या दिवसापासून नियम तिनेच केला, बाळाचं काहीही, दूध, पेज, खिमट, पितळेत नाही, कल्हई असली तरी नाही, कारण कल्हई कधी विरली ते रोजच्या घाईत कुणाच्या लक्षात येतं. चरवीत आता पळ्या-चमचे उभे असतात.

मला हे मुद्दाम सांगायचंय कारण जुन्या वस्तूंवर प्रेम करणारी आपण माणसं पुष्कळदा असं बोलतो की जुनं ते सगळं शहाणपणाचं होतं आणि स्टील आलं तिथून बिघडलं. स्टीलने आपल्याकडे मुलं वाचवली आहेत. १९६०-७० नंतर बायकांनी पितळ मोडीत देऊन स्टील घेतलं, त्यात काही त्यांचा अडाणीपणा नव्हता, रोज राख-चिंचेने घासणं, कल्हईवाल्याची वाट बघणं, तीन किलोचं पातेलं चुलीवरून उतरवणं, हे सगळं त्यांच्याच मनगटावर होतं. म्हणून आता परत आणायचं तर त्या कष्टाचा हिशोब धरून आणायचं, आणि घरातल्या एकाच बाईच्या गळ्यात घालायचं नाही. आमच्याकडे पितळ घासायचं काम दादाकडे आहे, हे काकूनेच ठरवलं, आणि तो करतो. पितांबरी बाहेरून, आत फक्त मऊ स्पंज आणि साबण, तारेची घासणी त्या पातेल्यांच्या जवळही न्यायची नाही, कारण दोन महिन्यांत कल्हई साफ.

मग कशात काय, हे हळूहळू ठरत गेलं. कल्हईच्या दोन पातेल्यांपैकी लहानात वरण, मोठ्यात भात आणि कधी मसालेभात. पितळ स्टीलपेक्षा साताठ पट चांगली उष्णता पसरवतं, त्यामुळे भात तळाला एका जागी लागत नाही, आच बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतो, हे वहिनीला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि तिचा विरोध तिथेच संपला. पण फोडणी त्यात करायची नाही. रिकामं भांडं गॅसवर ठेवून तेल तापवायचं म्हटलं की कडेला, तळाला तापमान भराभर वर जातं, २३२ ला कथील वितळतं आणि त्याचे थेंब जमतात. फोडणी लोखंडी पळीत करायची आणि वरून द्यायची, पूर्वी तशीच तर द्यायचे. तळण लोखंडी कढईत. आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मालकाने दिलेली इंडक्शनची शेगडी होती, तिच्यावर पितळ-तांबं चालतच नाही, लोहचुंबक चिकटतं अशीच भांडी लागतात, त्यामुळे उलट झालं, बिडाचा तवा त्या शेगडीवर मस्त चालला आणि पितळ गॅसवर.

एकदा गडबड झाली. पाहुणे आले होते, मोठं पातेलं लागलं, मदतीला आलेल्या ताईंनी त्यात कढी केली आणि उरलेली रात्रभर त्यातच राहिली. सकाळी कढीला हिरवट झाक आणि तोंडात घेतली तर जिभेला कसंतरीच. ओतून दिली. पातेलं बघितलं तर तळाला बांगडीएवढा भाग पिवळा उघडा पडला होता, रोज वापरून सहा-आठ महिने झाले होते. त्या ताईंचा काही दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे ताक, चिंच, कोकम, टोमॅटो, लिंबू कल्हईच्या भांड्यातही शिजवायचं असेल तर शिजवून लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचं, आणि ठेवायचं तर कधीच नाही. दुसरी, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दादा सगळी पातेली खिडकीत नेऊन आतून बघतो, पिवळं दिसलं की ते भांडं बाजूला, कल्हई होईपर्यंत त्यात फक्त धान्य. हे फ्रिजवर कागदावर लिहून लावलंय, मदतीच्या ताईंना वाचून दाखवलंय.

तांब्याच्या हंड्याला मात्र कल्हई लागत नाही, त्यात फक्त साधं पाणी. रात्री भरायचं, सकाळी प्यायचं. तांब्यात जंतू मरतात हे खरं आहे, पण म्हणून त्यात लिंबूपाणी, सरबत, गरम काढा टाकायचा नाही. पाण्यात तांबं किती चालतं याचीही मर्यादा आहे, जागतिक आरोग्य संघटनेची लिटरला २ मिलिग्रॅम. रात्रभर ठेवलेल्या साध्या पाण्यात आपण सहसा त्याच्या खूप खाली असतो, आंबट घातलं की तो हिशोब बिघडतो. हंडा दिवसाआड चिंचेने आतून-बाहेरून घासला जातो.

काशाच्या थाळ्या हा आमच्या घरातला सगळ्यात आनंदाचा भाग ठरला. कासं म्हणजे तांबं आणि कथील, टणक पण ठिसूळ, पितळी ताट पडलं तर पोचा येतो, काशाचं पडलं तर तडकतं. एक थाळी आणताना टेंपोतच तडकली. उरलेल्या पाचांत घर जेवतं, वाढून घेतलं, जेवलं, धुतलं, त्यात काही शिजत नाही, रात्रभर काही राहत नाही. काशाची एक वाटी काकूच्या पलंगाशी असते, तळपायाला तूप लावून घासायला, तिला त्याने झोप लागते. काशाच्या वाटीचे गुणधर्म वगैरे मी काही सांगत नाही, कुणीतरी रोज रात्री दहा मिनिटं बसून तिचे पाय चोळतं, हे मला पुरेसं आहे.

चिपटं-मापटं हे मला स्वतःला सगळ्यात आवडतं. आपल्याकडे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-लिटर आले आणि शेर-पायली कायद्याने गेली, पण कोठीतली मापं तशीच राहिली. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, काकूला हे पाढ्यासारखं येतं. आमच्या चिपट्यात तांदूळ पाव किलोच्या जरा खाली बसतो, आणि घरात भात चिपट्यानेच मोजला जातो, चार माणसांना एक. वहिनी म्हणते की किचनमधला वजनकाटा बॅटरी संपून पडलाय त्याला किती दिवस झाले कळलंही नाही.

पाटा-वरवंट्याचं असं झालं की वजनामुळे दादा नको म्हणत होता, पण ड्राय बाल्कनीत बसला, लसणाची चटणी आणि ओलं वाटण त्यावरच होतं, रोज नाही पण आठवड्यातून दोन-तीनदा. त्याला टाकी लावून घ्यावी लागते, म्हणजे छिन्नीने खाचा पाडून परत खरखरीत करायचा, नाहीतर गुळगुळीत पाट्यावर वाटण नुसतं घसरतं. टाकी लावणारी एक बाई चतुःशृंगीच्या बाजूला रस्त्यावर पाटे-खलबत्ते विकायला बसलेल्या सापडल्या, घरी आल्या, तासाभरात काम केलं. जात्याचं जमलं नाही. जातं दळायला दोघी लागतात, खाली जमीन लागते, आवाज होतो, खालच्या मजल्यावरच्यांनी दुसऱ्याच दिवशी बेल वाजवली. ते आत्याने नाशिकला नेलं, तिचं घर बैठं आहे, तिथे मेतकूट आणि भाजणी दळते.

आता न्यू जर्सीच्या मागणीबद्दल, कारण परदेशातल्या पुष्कळ मराठी घरांना याची कल्पना नसते. तिला घंगाळ हवं होतं. पण त्यावर टोचलेलं शके १८३९ म्हणजे ते शंभर वर्षांच्या पुढचं झालं, आणि १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा असं सांगतो की शंभर वर्षं आणि त्याहून जुनी कारागिरीची, रीतिरिवाजाची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू त्यात मोडत नाही असं पुरातत्त्व खात्याकडून प्रमाणपत्र घेता येतं, पण इथे तर साल पत्र्यावरच कोरलेलं. तिला वाईट वाटलं, फोनवर रडली, आणि ते मला समजतं, आजीने त्या घंगाळात तिला आंघोळ घातलेली. शेवटी तिने पितळी सोऱ्या, बिडाचं आप्पेपात्र आणि आईचा १९७० नंतरचा मोठा पितळी डबा नेला. सोऱ्याला दिवाळीत एकदाच काम, पण आप्पेपात्र तिच्याकडे दर शनिवारी चालतं, मुलं डब्यात आप्पे नेतात. बिडाला भेग नाही ना हे बघून, घासून, तेल लावून तापवून दिलं होतं, तिथल्या शेगडीवर छान बसलं. मांडायला काहीच गेलं नाही, याचं काकूला समाधान आहे.

मोडीत काय गेलं तेही सांगते, लपवायचं कारण नाही. सोल्डरचं पातेलं, फाटका बंबाचा नळ, दोन तपेली जी पन्नास माणसांच्या पंगतीची होती आणि कुणाकडेच तेवढी पंगत होणार नव्हती. तपेल्यांचं मनाला लावून घेतलं सगळ्यांनी, आधी मंगल कार्यालयांना, देवस्थानाला विचारलं, त्यांच्याकडेही स्टील-ॲल्युमिनियम झालंय. अडकित्ता आणि लामणदिवा यांना रोजचं काम नव्हतंच, पण ते कुणी विकू दिले नाहीत. दादा म्हणत होता केळकर म्युझियमला देऊ. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास असल्याच घरगुती वस्तू, दिवे, अडकित्ते, भांडी गोळा करायला सुरुवात केली आणि सगळा संग्रह पुढे सरकारला देऊन टाकला, तिथे अडकित्त्यांचं कपाट बघितलं की कळतं की असे अडकित्ते त्यांच्याकडे भरपूर आहेत. आमचा साधा आहे. तो काकूच्या हाताशी सुपारीसाठी राहिला, लामणदिवा नव्या घराच्या देवघरासाठी गुंडाळून ठेवलाय, निकषाला हे दोन अपवाद.

कल्हईचा प्रश्न एका घरापुरता सुटत नाही हे वर्षभरात कळलं. दोन पातेल्यांसाठी कुणी भट्टी पेटवत नाही, पेटवली तरी परवडत नाही. म्हणून वहिनीने कोथरूडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, कुणाकडे पितळी भांडी असतील तर एकत्र कल्हई करून घेऊ, आणि माळ्यांवरून इतकी भांडी खाली आली की काका आपला भाता-भट्टी घेऊन पार्किंगमध्ये दिवसभर बसले. धुराची तक्रार आली, पुढच्या वेळी मागच्या मोकळ्या जागेत बसायचं ठरलंय. त्यांच्याबरोबर त्यांचा पुतण्या होता, रिक्षा चालवतो, सुट्टीच्या दिवशी हे शिकतोय. असं वर्षातून दोनदा तरी काम मिळालं तर तो टिकेल, नाहीतर रिक्षाच चालवेल, आणि त्याला कोण काय म्हणणार. माझ्या मते जुनी भांडी जपायची म्हणजे आधी हा पुतण्या जपायचा. त्याचे पैसे घासाघीस न करता द्यायचे, घासाघीस कथलातून शिशात जाते.

सध्या काकूकडे रोजच्या वापरात दोन कल्हईची पातेली, हंडा, पाच काशाच्या थाळ्या, परात, दोन तवे, कढई, पळी, विळी, चिपटं आणि पाटा एवढं आहे. विळीवर फक्त काकू आणि वहिनी चिरतात, बाळ रांगायला लागल्यापासून विळी पाट उभा करून भिंतीशी बांधलेली असते. घंगाळ माझ्याकडे आलं, माझ्याकडे जागा होती म्हणून, त्यात बादलीऐवजी आंघोळीचं पाणी काढते, आत काही शिजत नसल्यामुळे कल्हईचा प्रश्न नाही. बंबाचं अजून ठरलेलं नाही. त्याचा नळ बदलून मिळेल असं तांबट आळीत सांगितलंय, पत्रा अजून जाड आहे, पण नव्या इमारतीच्या गच्चीवर विस्तव पेटवायला बिल्डर आणि सोसायटी परवानगी देतील असं वाटत नाही. आत्या म्हणतेय नाशिकला अंगणात चालेल, थंडीच्या आत नळ बसवून पाठवा. दादाने नळाचं माप काढून दिलंय.